पायाखालचं जवस

आमच्या चिरंजीवांनी नवी बॅट आणली आणि तिला तेल पाजायचं काम अर्थातच आईकडे आलं. आई रंगांच्या प्रयोगशाळेत नोकरी करते ना, मग तेल तिलाच कळणार. इथे ओहायोत, डब्लिनमध्ये, दुकानात जाऊन क्रिकेटच्या बॅटचं तेल मागाल तर समोरचा तुमच्याकडे बघत राहील. पण लाकडाच्या पॉलिशशेजारी, सगळ्यात खालच्या फळीवर, जवसाच्या तेलाचे डबे मुकाट उभे असतात. त्यातला एक उचलून आणला. गॅरेजचं दार अर्धं वर, बाहेर मेपलच्या पानांचा खच, माझ्या हातात जुन्या टी-शर्टचं फडकं. झाकण फिरवलं आणि मंडळी, मी जी गेले ती गेलेच.

तो वास कसा सांगू? थोडा कच्च्या शेंगदाण्याचा, थोडा ओल्या गवताचा, बराचसा नुकत्या रंगवलेल्या शाळेच्या बाकाचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून दबकत बसलेला, सुक्या मासळीचा.

"आई, आर यू स्मेलिंग इट?"

"हूं."

"दॅट्स सो वियर्ड."

"वियर्ड नाही रे. शिकागो आहे."

त्यानं डबा फिरवून बघितला. "इट सेज कॅनडा."

आता त्याला काय सांगणार! हा वास मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी त्याच्याहून फार मोठी नव्हते, पुण्याहून रसायनशास्त्र शिकायला आलेली, स्वतःला फार हुशार समजणारी आणि रोज संध्याकाळी न चुकता रडणारी. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका किराणा दुकानाच्या काचेवर हातानं लिहिलेली चिठ्ठी होती: मराठी मुलीला खोली. मांसमच्छी चालेल. रडणारी नको.

साड्यांच्या दुकानावर दुसरा मजला. दार उघडलं ते ठेंगण्या, गोल, पांढऱ्याशुभ्र केसांच्या बाईनं. तिच्या अंबाड्याला अशी चकाकी होती की जणू कुणी नुकतं पॉलिश करून गेलंय. या कौसल्याकाकू. नागपूरकडच्या. नर्स म्हणून इथे आलेल्या, इस्पितळात सगळी उमेद घालवून, म्हणजे रुग्णांना सगळी उमेद देऊन, नुकत्या निवृत्त झालेल्या. नवरा आधीच गेला होता. मुलगा मिलिंद, शिकागोतच जन्मलेला, तिकडे मिशिगनमध्ये, ट्रॉयला, गाड्यांच्या कंपनीत.

"रडतेस काय?" काकूंनी विचारलं.

"नाही."

"खोटं बोलून राहिली. पहिल्या हिवाळ्यात सगळेच रडतात. पण न्हाणीघरात रडायचं. स्वयंपाकघरात चालणार नाही. चप्पल काढ."

बूट काढले.

"मोजे पण."

जानेवारी होता हो! खिडकीबाहेर बर्फाचे सुळे लटकत होते. मी एकेका पायावर उड्या मारत मोजे काढले आणि अनवाणी त्यांच्या स्वयंपाकघरात शिरले. लाल आणि साईच्या रंगाच्या चौकड्यांची फरशी, आरशासारखी. पाऊल टेकलं आणि ते सोडवून घ्यावं लागलं. फरशी चक्क चिकट होती.

"कशी लागते पायाला?"

"चिकट."

"नीट सांग."

"गुळगुळीत?"

"पास," काकू म्हणाल्या. "काल तेल दिलं तिला. उद्यापर्यंत वाळते. ही फरशी कोणाची आहे माहीत आहे तुले? माझ्या मायनं चाळलेली आहे."

मला वाटलं, बाईचं डोकं फिरलेलं आहे, आणि मी इथेच राहायचं ठरवलं.

ती गोष्ट काकूंनी मला किती वेळा सांगितली असेल! दर वेळी नवी. कधी मुकादम लंगडा असायचा, कधी तिरळा. शेवयांची खीर ढवळताना सांगितली तर गोड शेवट, ठेचा कुटताना सांगितली तर त्या मुकादमाचं काही खरं नसे. पण मुळात गोष्ट अशी. विदर्भातल्या एका स्टेशनाशेजारी विलायती कंपनीचं गोदाम होतं. लोक नुसतं 'कंपनी' म्हणायचे. आजूबाजूच्या गावांचं जवस बैलगाड्यांतून तिथे उतरायचं, चाळलं जायचं, पोत्यांत भरलं जायचं, आणि आगगाडीनं मुंबई, मुंबईहून बोटीनं विलायत. चाळायला बायका. त्यांत काकूंची माय, आणि मायच्या मागे परकर सावरत काकू.

जवस पाण्यासारखं वाहतं, काकू सांगायच्या. गहू ढिगात बसतो, जवस बसतच नाही. पोत्याला सुईएवढं भोक पडलं तरी तपकिरी धार लागते. उघड्या पायानं ढिगावर चढलं की गुडघ्यापर्यंत आत, आणि बोटांच्या मधून असं सुळसुळत जातं की हसू आवरत नाही. दुपारच्या उन्हात अख्ख्या गोदामाला तो वास सुटायचा. बायका ओळीनं बसून चाळण्या हलवायच्या आणि धुळीत एकमेकींची तोंडं दिसेनाशी झाली की गप्पांना रंग चढायचा. आणि गप्पांत एकच मोठा प्रश्न, वर्षानुवर्षं न सुटलेला: एवढं जवस जातं कुठं? साहेब करतो काय त्याचं?

कुणी म्हणायचं, घोड्यांना घालतो. कुणी म्हणायचं, मढ्यांना लावतो. मायचं मत पक्कं होतं. साहेब चटणी करून खातो.

"तिकडं थंडी किती! जवस गरम. खाणारच की," माय म्हणायची. पण तिला एक काळजी होती. एवढी चटणी खायची म्हणजे तिखट सोसत असेल काय त्या गोऱ्या पोटांना? एकदा म्हणे तिनं हिशेबाच्या मुन्शीला लांबूनच हाक मारून निरोपही दिला होता: साहेबाले सांगा, तिखट कमी घाला, लसूण दाबून घाला.

आता अंबाड्याची गोष्ट. संध्याकाळी सुटताना फाटकाशी झडती व्हायची. पदर झटका, ओटी झटका, टोपली पालथी करा. चिमूटभर जवससुद्धा बाहेर जाता कामा नये. पण माय सकाळी डोक्यावरून पाणी घेऊन यायची आणि केस पुसायची नाही. दिवसभरात ढिगाला टेकून कधी आळस द्यायची, कधी हसता हसता मान मागे टाकायची. ओल्या केसांना जवस लागलं की ते बुळबुळीत होतं, डिंकासारखं धरून बसतं. सुटायच्या वेळी घट्ट अंबाडा बांधला की झालं.

"आणि मुकादम?" मी विचारलं होतं.

काकू पोळपाटावर हात टेकून खूप हसल्या. "मुकादमाले आम्ही चालत होतो काय शिवायला? महाराच्या बाया! हातभर लांब उभा राहून काठीनं पदर उचलायचा तो. अंबाडा काठीनं कसा सोडणार? सोड म्हणावं तर आमच्या केसाचं पाणी उडेल त्याच्या अंगावर. त्याच्या विटाळानं आम्हाले चटणी खाऊ घातली, पोरी."

हे सांगताना त्या हसायच्या, आणि मी आपली पुण्याच्या चांगल्या घरातली पोरगी, हसू की नको या विचारात पोळी करपवायची.

घरी आल्यावर माय परातीत केस धुवायची. पाणी बुळबुळीत व्हायचं, तळाशी जवस उरायचं. ते तव्यावर भाजून, मीठ-मिरची-लसूण घालून कुटायचं. थोडी चिकट व्हायची चटणी, पण काकूंच्या मते जगात तशी चव नाही. आणि ते परातीतलं पाणी पुन्हा केसांना. मायचे केस तसे चकाकायचे, काकूंचेही. हल्ली इथल्या मुली जवस उकळून केसांना लावायचं जेल करतात, त्याचे व्हिडिओ काढतात. मी ते बघते आणि एकटीच हसते.

पुढे दीक्षा घेतली त्या वर्षी मायनं गोदाम सोडलं. पोरीला शाळेत घातलं, पोरगी नर्स झाली, विमानात बसली. माय गेली तेव्हाही तिला वाटत होतं, साहेब चटणी खातो.

मग काकूंना खरं कळलं कसं? इथे काकू हातातलं काम खाली ठेवायच्या, कारण पुढच्या प्रवेशात दोन्ही हात लागत. इस्पितळात एक म्हातारा स्कॉटिश रुग्ण आला होता, पायाचं हाड मोडून. काकू तापाची नळी घेऊन गेल्या की काठीनं जमिनीवर टकटक करायचा. "धिस इज नॉट द रिअल थिंग, लास!" तरुणपणी तो तिकडे लिनोलियमच्या कारखान्यात होता. लिनोलियम म्हणजे काय, तर तेल उकळून, हवेत मुरवून घट्ट करायचं, त्यात बुचाची आणि लाकडाची पूड मळायची, तागाच्या कापडावर थापायचं आणि ती चादर उंच उंच कोठारांत टांगून कितीतरी दिवस वाळू द्यायची. तिकडच्या शाळा, इस्पितळं, आगबोटी सगळं त्यावर चालायचं.

"कसलं तेल?" काकूंनी सहज विचारलं.

"लिनसीड."

"बी कुठनं यायचं?"

म्हाताऱ्यानं आठवून सांगितलं, पोत्यांवर बॉम्बे लिहिलेलं असायचं.

काकूंच्या हातातली तापाची नळी पडली. मग त्या पलंगाची दांडी धरून इतक्या हसल्या की म्हातारा घाबरला, शेजारचा घाबरला आणि मोठी नर्स धावत आली. "माय गं," काकू म्हणत होत्या, "चटणी नाही, जमीन केली त्यांनी! आपण लसूण घाला सांगत होतो, आणि ते पाय देत होते!"

त्या दिवशी घरी येऊन त्यांनी बूट काढले ते कायमचे. कारण घर घेताना दाखवणाऱ्यानं म्हटलं होतं, किचनमध्ये ओरिजिनल लिनोलियम आहे. "साहेबाच्या पायाखाली होती माझी माय," काकू म्हणायच्या. "आता माझ्या पायाखाली आहे. माय माझी, पाय माझे. कोणाची झडती नाही." आणि त्या लाल चौकड्यांवरून अशा चालायच्या की एखाद्या राजवाड्यात फेरी मारतायत.

मला मात्र त्यांच्याबरोबर बाजारात जायला सगळ्यात आवडायचं. काकू सुपरमार्केटच्या तेला-साबणाच्या रांगेत शिरल्या की लग्नाच्या मांडवात शिरल्यासारख्या शिरत. साबणाच्या वड्या उचलून हुंगत. "हे बघ खोबरं! सिलोनचं असेल नाहीतर मलबारचं. काय वो, बरे आहात ना? हा लाल पामतेलाचा, आफ्रिकेहून पिंपांत भरून आणला बिचाऱ्याला. यांच्या यंत्रांच्या कड्या पण यानंच गुळगुळीत केल्या. आणि भुईमूग! भुईमूग आपल्याकडचा फ्रान्सला जायचा, मार्सेय की काय गाव आहे, तिथं साबण होऊन बसला. नाकात बोलत असेल आता." मग आवाज खाली आणून, "सगळी एकाच गोदामातली भावकी आहे, पोरी. कपडे बदलले म्हणून ओळख द्यायची नाही काय?" शेजारची अमेरिकन बाई आपली गाडी हळूच पुढच्या रांगेत ढकलायची.

त्या शनिवारच्या सकाळी! गरम पाण्याची बादली, फडकं, आणि मग तेलाचा डबा. काकू गुडघ्यांवर, मी गुडघ्यांवर, खिडकीच्या दोन कोपऱ्यांतून सुरुवात करून दाराशी भेटायचं. खाली दुकानात साड्यांच्या घड्या आपटल्याचे आवाज, बाहेर बसचा सुस्कारा, पार्किंगवरून दोन गुजराती काकांचं भांडण, जिन्यातून वर येणारा तळणाचा वास, बर्फावर टाकलेल्या मिठाचा कोरडा वास, आणि या सगळ्यावर पसरलेलं जवस. तेलाची फडकी गोळा करून ठेवली तर आपोआप पेट घेतात, हे माझ्या रसायनशास्त्रानं त्या घराला दिलेलं एकमेव ज्ञान. मग ती आम्ही मागच्या लोखंडी जिन्याच्या कठड्यावर पसरून वाळत घालायचो, आणि ती बर्फात कडक होऊन पापडासारखी उभी राहायची. तेल दिलेल्या दिवशी स्वयंपाकघरात कुणाला यायला बंदी. एकदा मंडळाच्या बायका पॉटलकला लवकर येऊन थडकल्या. एकीची रेशमी मोज्यासकट जी पावलं चिकटली! मोजे तिथेच राहिले, बाई पुढे गेल्या.

आता तुम्ही म्हणाल, लिनोलियम असं दिवसभर चिकट राहतं? नाही राहत. ते तेल पिऊन घेतं. मला तेव्हाच शंका आली होती. पण काही शंका अभ्यासाच्या वेळी काढायच्या असतात आणि काही गरम चहा हातात असताना काढायच्याच नसतात. मी चौकड्यांवर मांडी घालून बसायची, चहा प्यायची आणि मायची गोष्ट पुन्हा सांगा म्हणायची. त्या हिवाळ्यात मी न्हाणीघरातसुद्धा रडायचं विसरले.

तर, डब्यात नाक खुपसून उभी होते. बॅट तशीच राहिली. हात पुसले आणि ट्रॉयला फोन लावला. गुडघे गेल्यापासून काकू मिलिंदकडे राहायला गेल्या आहेत, डेव्हनचं घर भाड्यानं दिलेलं होतं. फोन नेहमी काकू उचलतात आणि उचलल्या उचलल्या बोलायला लागतात, मग कुणाचा आहे ते विचारतात. त्या दिवशी मिलिंदनं उचलला.

"ताई," तो म्हणाला, "मॉम बोलत नाहीये."

"फोनवर?"

"नो. ॲट ऑल."

कौसल्याकाकू गप्प! 

घर विकलं होतं. काकूंनी सही आनंदानं केली, फक्त एक अट घातली: माझ्या फरशीचा एक तुकडा कापून आणायचा. मिलिंदच्या स्वयंपाकघरात, शेगडीपुढे, पाय ठेवायला. घेणाऱ्यानं जमिनीची तपासणी करून घेतली होती. तिचा निकाल आला: ते लाल चौकडे लिनोलियम नव्हतेच. प्लॅस्टिक, आणि पाठीला ॲसबेस्टॉस. हात लावायचा नाही, पांढरे पोशाख घातलेली माणसं येऊन काढणार.

"आय हॅड टू टेल हर, ताई. शी वॉज गोइंग टू स्टँड ऑन इट."

"मग काय म्हणाल्या?"

"नथिंग. म्हणाली, 'असं काय?' अँड दॅट्स इट. किचनमध्ये येतच नाही. मी प्लेट नेऊन देतो."  मोठा माणूस आहे, दोन मुलींचा बाप, पण आवाज लहान झाला होता. "ती स्टोरी... इट वॉज ऑल शी हॅड ऑफ हर मदर. फोटोही नाहीये. मी काय बोललो मी!"

पांढरे पोशाखवाले सोमवारी येणार होते. रविवारी पहाटे मी गाडी काढली. काय करणार होते, मला माहीत नव्हतं. इंडियानाभर कापलेल्या मक्याची शेतं आणि मनात एकच विचार: ॲसबेस्टॉसचा तुकडा आणता येणार नाही आणि रिकाम्या हातानं जाता येणार नाही.

डेव्हन आता तसं राहिलेलं नाही, आणि तसंच आहे. साड्यांच्या दुकानात मोबाईल दुरुस्ती. जिन्यात तळणाचा वास मात्र कुणी नेला नव्हता. मिलिंदनं सांगितलेल्या जागी किल्ली होती; वर सगळं रिकामं. भिंतीवर घड्याळाचा गोल डाग, खिडकीत कुंड्यांच्या ओल्या कडा. स्वयंपाकघराच्या दाराला प्लॅस्टिकचा पडदा आणि धोक्याची पाटी. पडद्यातून लाल चौकडे दिसत होते, अंधुक, तळ्याच्या तळाशी असल्यासारखे. त्यांच्यावर आम्ही केवढं तेल जिरवलं! जिरवलं कसलं, चोपडलं. मी बाहेरच उभी राहिले. पुणेरी शिस्तीत, काकूंच्याच शब्दात त्या फरशीला मनातल्या मनात म्हटलं, पास.

वळले तर समोर कोठी. जेवणाच्या खोलीतून उघडणारं, अरुंद, बिनखिडकीचं कपाट. तिथे काकूंचे तांदळाचे, डाळींचे डबे असायचे. डबे गेले होते. खाली अंथरलेले पेपर होते, थरावर थर, वरचा इंग्रजी, खालचे पिवळे, अगदी तळाचे विटलेले. वाकून मी एक कोपरा उचलला. पेपराखाली लाकूड नव्हतं. मळकट, शेवाळी-तपकिरी काहीतरी होतं, भेगाळलेलं, कडेला उचललेलं. प्लॅस्टिक टाकणाऱ्यानं कपाटाच्या आतलं तसंच सोडून दिलं होतं. कोपरा उलटला. पाठीला तागाचं कापड. मी अंगठ्यानं घासलं, घासत राहिले, कड उबदार झाली, आणि नाक जवळ नेलं.

मंडळी, मी तिथे कोठीत बसून मोठ्यानं हसले. मग दुसरंही केलं. स्वयंपाकघर नव्हतं, त्यामुळे चालून गेलं.

तपासणीचा कागद मिलिंदनं फोनवर पाठवलाच होता. कपाटातल्या थराचा वेगळा नमुना घेतलेला, स्वच्छ. गाडीतल्या पुट्टी लावायच्या पात्यानं हळूहळू पाटाएवढा तुकडा सोडवला, चादरीत गुंडाळला आणि ट्रॉयचा रस्ता धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू हॉलमध्ये सोफ्याच्या टोकाला बसल्या होत्या. स्वयंपाकघराकडे पाठ. अंबाडा सैल.

"आली," त्या म्हणाल्या. बस.

मी चादर उलगडली. मिलिंद शेजारी उभा.

काकूंनी खाली बघितलं.  "हे काय होय?"

"तुमची फरशी."

"माझी लाल आहे. ही तं गोवरी दिसून राहिली."

"कोठीतली आहे. तांदळाच्या डब्याखालची."

"तिथं पेपर होता."

"पेपराखाली, काकू. ते लाल वरून टाकलेलं. घर दाखवणाऱ्याची माहिती बरोबर होती, तो फक्त चुकीच्या खोलीत उभा राहून बोलला."

त्यांनी तुकडा ओढून घेतला. उलटा केला, तागावरून बोट फिरवलं. नखानं कड खरवडली, नर्स खपली बघते तशी. मग नाकाशी नेला.

मी त्या चेहऱ्याचं वर्णन करणार नाही. मला ते येणार नाही.  मग त्या अगदी हळू, आम्हाला नाही, म्हणाल्या, "दुपारचा आहे. ऊन चढल्यावरचा."

मिलिंद लगेच कामाला लागला. त्यानं आधीच जागा आखून ठेवली होती. चकचकीत लाकडी जमिनीवर, बरोबर शेगडीपुढे, तुकडा ठेवला, चारी कोपरे दाबले. काकू वॉकर ढकलत आल्या, ओट्याची कड धरली, सपाता काढल्या. उजवा पाय उचलला.

पाय तसाच राहिला, हवेत.

"काय झालं, मॉम? लेव्हल नाहीये का?"

"उचल."

"आय जस्ट पुट इट देअर!"

"उचल म्हणून राहिली ना. मायचा वास येऊन राहिला त्याले. पाय देऊ काय त्याच्यावर?"

"पण काकू," मला राहवेना, "इतकी वर्षं तुम्ही..."

"ते प्लॅस्टिक होतं," काकू ठसक्यात म्हणाल्या. "त्याच्यावर मी नाचली असती तरी चाललं असतं."

मिलिंदनं तुकडा उचलून छातीशी धरला. "मग कुठे ठेवू? फ्रेम करू? भिंतीवर?"

"माय काय कॅलेंडर आहे?"

"बुद्धवंदनेच्या कपाटात?"

"तिथं नको. तिथं गप्प बसवत नाही तिला." काकू विचारात पडल्या. ओट्याला टेकून, एका पायात सपाता नाही, दुसऱ्यात नाही. "माझ्या उशाशी ठेव. वास जाईस्तोवर. मग आण इथं. मग चालीन मी त्याच्यावर, बिनधास्त." आणि माझ्याकडे वळल्या. "तू रंगातली आहेस. सांग, किती टिकते हा वास?"

जवसाचं तेल वाळतं म्हणजे काय, तर हवा पीत राहतं, वर्षानुवर्षं, आणि पिऊन कधी संपतच नाही. प्रयोगशाळेत यावर मी तासभर बोलू शकते. "काकू," मी म्हटलं, "माझ्या नातवंडांना येईल."

"असं काय?"

त्यांनी मान हलवली, समाधानानं, औषधाचा डोस बरोबर निघाल्यासारखी. अंबाडा सोडला, पुन्हा घट्ट बांधला.

"मग काही घाई नाही," त्या म्हणाल्या. "मिलिंद, सरक तिथून. आणि मुकादमासारखा उभा नको राहू, तवा काढ. या पोरीनं रात्रीपासून काही खाल्लं नाही, आणि मले हिला सांगायचं आहे, तो मुकादम खरं तं लंगडा पण होता आणि तिरळा पण."